शर्मन स्मिथ, डीलंड मकलो आणि रनिंग बॅकची शाळा

कोलंबसकर (धागाकर्ता)

खेळातल्या गुरू-शिष्यांच्या मागच्या धाग्यावर मी शर्मन स्मिथचं नाव टाकलं आणि तिघांनी 'हा कोण?' म्हणून विचारलं. उत्तर प्रतिसादाच्या खिडकीत मावेना, म्हणून हा वेगळा धागा. लांबलाय. चहा घेऊन बसा.

आधी एक खुलासा, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यातच जातील. फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकन. चेंडू अंडाकृती, पायापेक्षा हाताचंच काम जास्त. अकरा विरुद्ध अकरा, शंभर यार्डांचं मैदान. दहा यार्ड सरकायला चार संधी. सरकलात तर पुन्हा चार, नाही तर चेंडू समोरच्याकडे. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. वर्तमानपत्रात फोटो त्याचा. त्याच्या मागे उभा असतो तो रनिंग बॅक. क्वार्टरबॅक वळून चेंडू त्याच्या पोटात देतो आणि हा समोरच्या गर्दीत घुसतो. कबड्डीतली चढाई डोळ्यांपुढे आणा. फक्त इथे पकडीला सव्वाशे किलोचे गडी असतात आणि चढाई करणाऱ्याला परत यायचं नसतं, शक्य तितकं आत जाऊन आडवं व्हायचं असतं. हे एका सामन्यात वीस-पंचवीस वेळा.

व्यावसायिक लीगमध्ये अशा माणसाची कारकीर्द सरासरी तीन वर्षांच्या आसपास संपते. म्हणजे आपल्याकडे पोरं नोकरीत कायम होतात त्या वयात हा निवृत्त. त्यातले काही कोच होतात.

शर्मन स्मिथ १९५४चा, गाव यंग्सटाउन. ओहायोच्या ईशान्येला, पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीला लागून असलेलं पोलादाचं गाव. कॉलेजात तो रनिंग बॅक नव्हताच, मायामी विद्यापीठाचा क्वार्टरबॅक होता. १९७३ ते १९७५ या तीन हंगामांत मिळून तो संघ एकच सामना हरला. १९७६ला सिअ‍ॅटल सीहॉक्स हा क्लब नव्याने उभा राहिला. त्यांनी ड्राफ्टच्या (क्लब कॉलेजची पोरं आळीपाळीने निवडतात, ते) दुसऱ्या फेरीत त्याला घेतलं आणि रनिंग बॅक करून टाकलं. सहा फूट चार इंच उंची, त्यात नाव शर्मन. लोकांनी 'शर्मन टँक' म्हणायला सुरुवात केली, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन रणगाड्यावरून. संघ नवखा, पहिल्या हंगामात १४ पैकी २ सामने जिंकला. त्यातल्या एका विजयात, अटलांटाविरुद्ध, स्मिथने १२४ यार्ड पळून काढले. क्लबच्या इतिहासातली ती पहिली शंभरी. सलग चार वर्षं संघात सगळ्यात जास्त यार्ड त्याचेच. मग १९८०ला गुडघा. १९८३चा हंगाम सॅन डिएगोकडून खेळला आणि संपलं. एकूण सुमारे साडेतीन हजार यार्ड. थोर म्हणावं असं नाही, पण खणखणीत.

१९९०ला तो आपल्याच कॉलेजात रनिंग बॅक्सचा कोच म्हणून परतला. इथे कॉलेजचे कोच नुसते शिकवत नाहीत. हंगाम संपला की गावोगाव फिरतात, सतरा वर्षांच्या पोराच्या घरी सोफ्यावर बसतात, आईच्या हातचं खातात, शिष्यवृत्ती देऊ करतात. अगदी मुलगी बघायला गेल्यासारखं, फक्त इथे एका मुलाला दहा स्थळं. स्मिथच्या वाट्याला साहजिकच यंग्सटाउनचा पट्टा आला. शेजारच्या कॅम्पबेल गावच्या शाळेत एक पोरगा होता, डीलंड मकलो.

कॅम्पबेलबद्दल दोन ओळी. १९ सप्टेंबर १९७७ला, सोमवारी, तिथली पोलादाची गिरणी बंद होत असल्याचं जाहीर झालं आणि सुमारे ५ हजार नोकऱ्या गेल्या. या भागात अजूनही 'काळा सोमवार' म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. डीलंड तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. त्याच्या आईवडिलांनी तो तान्हा असताना त्याला दत्तक घेतलं होतं. वडील रेडिओवर निवेदक. दोघांचं पटलं नाही, ते वेगळे झाले. पुढे दोन मुलगे आईने एकटीने वाढवले, त्या गावात, त्या काळात.

तर स्मिथ आला, बोलला, आणि डीलंड मायामीला गेला. स्मिथ मात्र १९९२ला इलिनॉयला निघून गेला. म्हणजे प्रत्यक्ष हाताखाली मिळाला तो थोडाच काळ. पण जे व्हायचं ते तेवढ्यात झालं होतं. त्या पोराच्या डोक्यात बसलं की मोठं होऊन असं व्हायचं. अशी चालायची पद्धत, असं घर, असं बोलणं. फोन सुरू राहिले.

डीलंडने मायामीसाठी ४,३६८ यार्ड काढले. १९९६ला सिनसिनाटी बेंगल्सकडे गेला. हंगामाआधीच्या सराव सामन्यांत तो असा पळाला की जागा पक्की वाटत होती. त्यातच गुडघा गेला. नंतर कॅनडात खेळून बघितलं, जमलं नाही. शाळेत शिक्षक झाला, पुढे शाळा चालवण्याच्या कामात पडला. २०१०च्या सुमारास, अडतिशीच्या तोंडावर, अगदी खालच्या पायरीपासून कॉलेज कोचिंगमध्ये शिरला. तेही मायामीतच. २०११ला इंडियाना विद्यापीठ. तिथे असतानाच सिअ‍ॅटलच्या सराव शिबिरात शिकाऊ म्हणून गेला, कारण तिथे रनिंग बॅक्सचा कोच होता शर्मन स्मिथ. दोघं शेजारी शेजारी उभे राहून तीच कवायत घेत होते.

आता पुढचं. पेनसिल्व्हेनियात दत्तक मुलांचे मूळ जन्मदाखले मोहोरबंद असायचे. कायदा बदलला आणि नोव्हेंबर २०१७पासून ते मुलांना मिळू लागले. डीलंडचा जन्म पिट्सबर्गचा, डिसेंबर १९७२. दाखला मागवला, त्यावर आईचं नाव मिळालं. तिला इंटरनेटवर शोधलं, फोनवर बोलणं झालं. ती तेव्हा सोळा वर्षांची होती, बाळ झाल्याचं तिने मुलाच्या बापालाही सांगितलं नव्हतं. आणि नंतर ती राहत होती कुठे, तर यंग्सटाउनलाच. डीलंडने विचारलं, वडील कोण?

तिने नाव सांगितलं, शर्मन स्मिथ.

तेव्हा डीलंड ४५चा होत होता आणि स्मिथ ६३चा. मध्ये सत्तावीस वर्षांची ओळख. स्मिथला यातलं काहीही माहीत नव्हतं. डीएनए चाचणी झाली, जुळली. टेनेसीत भेट झाली.

अमेरिकेत ही गोष्ट 'हरवलेला बाप सापडला' अशी सांगितली जाते. मला ती उलटी दिसते. बाप आधीच सापडला होता, १९९० सालीच, कोचच्या टोपीत. २०१७ला सापडला तो फक्त कागद.

—

शाईचा_डाग

अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

—

खिडकीशेजारी

मायामी फ्लोरिडात ना? यंग्सटाउनहून पोरगा तिकडे गेला तर आईने कसं सोडलं?

—

कोलंबसकर

हा प्रश्न येणार हे माहीत होतं :) नाही, ही मायामी ओहायोतली, ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावात. १८०९ची स्थापना. फ्लोरिडा अमेरिकेचं राज्य झालं १८४५ला. त्यामुळे इथली मंडळी फ्लोरिडाच्या नावाने नाकं मुरडतात.

जाता जाता, या विद्यापीठाचं टोपणनाव 'कोचेसचा पाळणा'. पॉल ब्राउन, वीब युबँक, आरा पार्सेगियन, बो शेंबेक्लर, अलीकडचे जॉन हार्बॉ आणि शॉन मॅकव्हे, सगळे इथे शिकलेले. एवढ्याशा गावातून एवढे कोच का निघाले याचं पटेल असं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. शर्मन आणि डीलंडसाठी मात्र हा पाळणा फारच शब्दशः निघाला.

—

बाभूळबन

खाण तशी माती. शेवटी रक्त बोलतंच. बाप रनिंग बॅक, पोरगा रनिंग बॅक. बाप कोच, पोरगा कोच. तेही एकमेकांना न सांगता. दोघांचे फोटो शेजारी ठेवून बघा, जबडा तोच. विज्ञानवाद्यांनी हलके घ्या.

—

खडूफळा

बाभूळबन, 'न सांगता' कसं? धागा पुन्हा वाचा. पोरगं सतरा वर्षांचं असताना हा माणूस त्याच्या घरी जाऊन बसला आणि सांगत राहिला. मी एकतीस वर्षं शाळेत शिकवतोय. एखादा मास्तर डोक्यात बसला की पोरं त्याच्यासारखा खडू धरायला लागतात, त्याच्यासारखं खाकरतात. त्यांचं काय रक्ताचं नातं असतं?

माझा खरा प्रश्न कोलंबसकरांना. चेंडू घेऊन पळायचं यात शिकवण्यासारखं काय? पळणारा पळतो. कोच नक्की काय करतो?

—

कोलंबसकर

खडूफळा सर, हा प्रश्न मी शेजारच्या आजोबांना विचारला होता. ते शाळेच्या संघाला शिकवायचे. त्यांनी घरातून चेंडू आणला आणि माझ्या काखेत कोंबला. मग सुटीला आलेल्या नातवाला सांगितलं की आता काकांच्या हातून काढ. पाच सेकंदांत चेंडू लॉनवर.

तर पहिली गोष्ट चेंडू धरणं. एक टोक बोटांच्या बेचक्यात, मग तळवा, मग कोपरापर्यंतचा हात, मग दंड, आणि दुसरं टोक बरगडीला. कुठेही फट नको. कडेने पळताना चेंडू कडेच्या हातात, गर्दीच्या बाजूला कधीच नाही. हे बालवर्गातलं वाटतं, पण न्यूयॉर्क जायंट्सचा टिकी बार्बर एवढा मोठा खेळाडू, २००३च्या हंगामात त्याच्या हातून ९ वेळा चेंडू सुटला. पुढच्या वर्षी नव्या कोचने त्याची धरायची पद्धत बदलली. मनगट कोपराच्या वर, चेंडू छातीला उंच चिकटवून. गळती जवळपास थांबली आणि कारकिर्दीतली सगळ्यात चांगली वर्षं त्यानंतर आली. तिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला चेंडू धरायला शिकवलं, बस.

दुसरं, डोळे. रनिंग बॅकला फट दाखवत नाहीत, माणूस दाखवतात. समोरच्या फळीतल्या अमुक गड्याकडे बघ. तो बाहेर झुकला तर आत कापायचं, आत झुकला तर बाहेर. एकदाच कापायचं, तिथे नाचत बसायचं नाही. नव्या पोरांना फार घाई असते. वाट उघडण्याआधीच पोचतात आणि आपल्याच माणसाच्या पाठीवर आपटतात. पहिली दोन पावलं हळू टाकायला लावणं यातच कोचचा निम्मा घसा बसतो.

तिसरं, ज्याचं नाव कुणीच घेत नाही, ते संरक्षण. क्वार्टरबॅक चेंडू फेकणार असतो तेव्हा रनिंग बॅक पळत नाही, पहारा देतो. समोरून कोण आडवाटेने धावून येणार हे खेळ सुरू व्हायच्या आधी ओळखायचं आणि आपल्यापेक्षा पंधरा-वीस किलो जड माणसाच्या छातीत जाऊन त्याला अडवायचं. आकडेवारीत त्याची नोंद नाही. कॉलेजात हजारो यार्ड काढलेली पोरं व्यावसायिक लीगमध्ये पहिल्या वर्षी बाकावर दिसतात ती बहुतेक वेळा यामुळेच. अडवता येत नाही म्हणून पळायला मिळत नाही.

स्मिथ स्वतः क्वार्टरबॅक होता हे इथे कामाला येतं. मागे उभं राहून अख्खं मैदान वाचायची सवय त्याला पळण्याच्याही आधीची.

—

खडूफळा

म्हणजे निम्मं काम दुसऱ्यासाठी मार खायचं. कळलं. धन्स.

—

रेनिअर_दर्शन

सिअ‍ॅटलहून. धागाकर्त्याने स्मिथचं कोचिंग फारच झटपट गुंडाळलंय, थोडी भर घालतो.

१९९५ला तो ह्यूस्टन ऑइलर्सकडे गेला, तोच क्लब पुढे टेनेसी टायटन्स झाला. १९९६ला तिथे एडी जॉर्ज आला, कॉलेजचा सगळ्यात मोठा किताब, हाइझमन, जिंकून. स्मिथच्या हाताखाली त्याने रनिंग बॅकला न शोभणारी गोष्ट केली. त्या क्लबकडून आठ वर्षांत एकही सामना चुकवला नाही. सलग १२८ सामन्यांत पहिल्या चेंडूपासून मैदानात. मघाशी तीन वर्षांची सरासरी वाचली असेल, तिच्याशेजारी हे ठेवा.

आणि आता स्मिथच्या नशिबाचा एक यार्ड. ३० जानेवारी २०००, सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. टायटन्स रॅम्सविरुद्ध १६-२३ने मागे. एडी जॉर्जचे दोन टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) आधीच झालेले. शेवटच्या चेंडूवर केव्हिन डायसनने हात लांब केला आणि रेषेच्या एक यार्ड अलीकडे त्याला पाडलं. सामना खलास.

मग १ फेब्रुवारी २०१५. स्मिथ आता आमच्याकडे. न्यू इंग्लंडविरुद्ध २४-२८, शेवटची काही सेकंदं, चेंडू रेषेपासून एक यार्डावर. मागे मार्शॉन लिंच उभा. लीगमध्ये त्याच्याइतका धटिंगण रनिंग बॅक नव्हता. त्याला द्यायचा सोडून आम्ही चेंडू फेकला आणि तो माल्कम बटलरच्या हातात गेला. मी त्या रात्री जेवलो नाही. लिंच स्मिथचा चेला. पंधरा वर्षांत दोन सुपर बोल एका यार्डाने गेलेला दुसरा रनिंग बॅक कोच मला तरी ठाऊक नाही. यार्ड म्हणजे आपल्या जुन्या मापाने दोन हात फक्त.

मधे २०१४ला मात्र आम्ही डेन्व्हरला ४३-८ धुतलं, तेव्हा स्मिथला विजेत्यांना मिळते ती अंगठी मिळाली. आणि लिंचची ८ जानेवारी २०११ची न्यू ऑर्लीन्सविरुद्धची ६७ यार्डांची धाव ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी आज रात्री बघून झोपा. प्रेक्षक इतके नाचले की जवळच्या भूकंपमापकावर हादरे उमटले. स्मिथचा सिअ‍ॅटलमधला तो कोच म्हणून पहिलाच हंगाम.

—

कोलंबसकर

रेनिअर, ही भर धाग्यापेक्षा भारी आहे. तुमच्या २०१४मुळे एक आठवलं. तो सामना २ फेब्रुवारीचा. डीलंड २०१८ला कॅन्सस सिटीला गेला, हेड कोच अँडी रीडच्या हाताखाली. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोला ३१-२०ने हरवलं तो दिवस २ फेब्रुवारी २०२०. बापलेकांच्या दोन अंगठ्या, मधे बरोबर सहा वर्षं, तारीख एकच. त्या सामन्यात डीलंडच्या डेमियन विल्यम्सने १०४ यार्ड आणि दोन टचडाऊन केले होते. विल्यम्सला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. डीलंडलाही नव्हतं.

—

बाभूळबन

तारीखही एकच! आणि म्हणे रक्त नाही.

—

खडूफळा

सुपर बोलची तारीख लीग ठरवते हो.

—

शाईचा_डाग

मला वेगळंच खुपतंय. सगळे बापलेकांवर बोलताहेत. मला ती सोळा वर्षांची मुलगी दिसते. १९७२. दुसऱ्या शहरात जाऊन बाळंत व्हायचं, बाळ देऊन यायचं, परत आपल्या गावात येऊन कुणाला काही न सांगता जगायचं. तोच मुलगा शेजारच्या गावात वाढतोय, शुक्रवारी रात्री शाळेच्या मैदानावर पळतोय, पेपरात नाव येतंय. तिला ते नाव वाचून काहीच कळणार नाही, कारण नाव तिने ठेवलेलं नाही. ४५ वर्षं.

आणि दुसरी आई, जिने वाढवलं. गोष्ट संपताना तिला कोणी फोटोत घेतं का?

—

अर्धा_चहा

कर्ण आठवला. कुंती, राधा, सगळं तेच.

—

शाईचा_डाग

कर्णाला आणू नका प्लीज. इथे कुणी कुणाला नदीत सोडलेलं नाही. रीतसर दत्तक आहे, सही-शिक्क्यानिशी. आणि राधेला तरी आपण कधी फोटोत घेतलं?

—

कोलंबसकर

शाईताई, बरोबर बोललात, आणि धाग्यात ते माझ्याकडूनही राहिलं. डीलंड स्वतः मात्र तसं करत नाही. त्याच्या बोलण्यात वाढवणारी आई पहिल्यांदा येते. त्या बाईंनी एकटीने दोन पोरं उभी केली, गिरण्या बुडालेल्या गावात. स्मिथ दारात आला तेव्हा तो कोणावर छाप पाडायला आला होता? पोरावर नाही. कॉलेजचे कोच सांगतात की घरात निर्णय आईचा असतो, तिच्याशी बोला. त्या माउलीने ज्या माणसावर विश्वास टाकून पोराला धाडलं तो त्याचा बाप निघाला, ही बाजू मी तुमच्यामुळे आज पहिल्यांदा बघितली.

बाभूळबन, यात रक्ताचा वाटा शून्य असं मी म्हणत नाही. ती शरीरयष्टी, ते पाय कुठून तरी आलेच. पण चेंडू कसा धरायचा हे रक्तातून येत नाही, नाहीतर टिकी बार्बरला नऊ वेळा तो टाकावा लागला नसता.

—

कुंपणावरचा

धागा भावनिक होतोय, थोडं खडबडीत विचारतो. स्मिथ इतका चांगला होता तर हेड कोच का झाला नाही?

—

रेनिअर_दर्शन

एकदा एक पायरी वर चढला होता. २००८ला वॉशिंग्टनचा हेड कोच झाला जिम झॉर्न. हा झॉर्न म्हणजे १९७६च्या त्या पहिल्या सीहॉक्सचा क्वार्टरबॅक, स्मिथच्या पोटात चेंडू देणारा. त्याने जुन्या दोस्ताला आक्रमणाचा समन्वयक म्हणून नेलं. पहिलं वर्ष ८ विजय, ८ पराभव. दुसऱ्या वर्षी सगळं बिनसलं. हंगामाच्या मधेच मालकांच्या माणसांनी एका निवृत्त कोचला बोलावून आणलं आणि डाव पुकारायचं काम त्याच्याकडे दिलं. तो इतके दिवस मिशिगनमधे ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात हाउजीचे आकडे पुकारत होता. थट्टा नाही, खरंच. आणि त्याचंही नाव शर्मन. शर्मन लुइस. संघ ४-१२ने संपला, झॉर्न गेला, स्मिथ सिअ‍ॅटलला परत आपल्या रनिंग बॅक्सकडे.

—

कोलंबसकर

कुंपणावरचे, यात एक मोठी गोष्ट आहे. लीगमधे वर चढायचा जिना क्वार्टरबॅकच्या खोलीतून जातो. क्वार्टरबॅकचा कोच समन्वयक होतो, समन्वयक हेड कोच होतो. रनिंग बॅक्सचा कोच 'पोरांना तयार ठेवणारा' म्हणून खालीच राहतो. आणि रनिंग बॅक्सचे कोच बहुतेक कृष्णवर्णीय, कारण रनिंग बॅकही बहुतेक कृष्णवर्णीय. २००३पासून लीगने नियम केला की हेड कोचच्या जागेसाठी अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायलाच हवी. मुलाखती वाढल्या, नेमणुका तेवढ्या वाढल्या नाहीत. कॅन्सस सिटीत डीलंडचा वरिष्ठ होता एरिक बिएनिमी. तोही जुना रनिंग बॅक, मग रनिंग बॅक्सचा कोच, मग २०१८पासून समन्वयक. त्या काळात दोन सुपर बोल जिंकले, मुलाखतींची रांग लागली, हेड कोचची खुर्ची मिळाली नाही.

अपवाद आहेत. डॅन रीव्ह्स डॅलसचा रनिंग बॅक, हेड कोच म्हणून चार वेळा सुपर बोलपर्यंत गेला (चारही हरला, तो वेगळा धागा). अँथनी लिन २०१७ ते २०२० चार्जर्सचा हेड कोच होता. आणि स्मिथचा एडी जॉर्ज. तो २०२१ला टेनेसी स्टेट विद्यापीठाचा हेड कोच झाला. आधी कुठेही कोचिंग केलेलं नाही, लोक हसले. २०२४ला ९ विजय आणि त्यांच्या कॉलेज-लीगचं संयुक्त विजेतेपद. २०२५पासून तो बोलिंग ग्रीनला आहे. तेही ओहायोत, मायामीच्याच लीगमधे. म्हणजे आता गुरूच्या कॉलेजला हरवायचं त्याच्या कामातच येतं.

—

अर्धा_चहा

डीलंड सध्या कुठे? आणि पीट कॅरोल नावाचा कुणी सिअ‍ॅटलला होता ना?

—

कोलंबसकर

छान आठवण केलीत. कॅन्सस सिटीनंतर तो एक वर्ष परत इंडियानात होता, मग २०२२पासून तीन हंगाम नोत्र दाम विद्यापीठात. जानेवारी २०२५ला नोत्र दाम कॉलेजांच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात आमच्या ओहायो स्टेटकडून ३४-२३ने हरलं. मी त्या दिवशी कुणाच्या बाजूने होतो ते इथे लिहीत नाही, शेजारी वाचतात. (आजोबांना मराठी येत नाही, पण नातवाकडे फोन आहे.)

त्यानंतर २०२५च्या हंगामासाठी तो लास व्हेगस रेडर्सकडे गेला. हेड कोच होता पीट कॅरोल. म्हणजे ज्या माणसाच्या हाताखाली बापाने सिअ‍ॅटलला रनिंग बॅक्स सांभाळले, त्याच्याच हाताखाली मुलाने व्हेगसला तेच काम केलं.

—

बाभूळबन

आता तरी कबूल करा. वंशपरंपरागत गादी आहे ही. तिसरी पिढी कुठे पळते तेवढं सांगा, मग मी गप्प बसतो.

—

कोलंबसकर

डीलंडला चार मुलगे. त्यातले दोघं इंडियाना विद्यापीठाकडून खेळले. दोघंही बचाव फळीत.

—

खिडकीशेजारी

म्हणजे?

—

रेनिअर_दर्शन

म्हणजे समोरच्या रनिंग बॅकला पाडणारे.

—

बाभूळबन

भावना पोचल्या.